थर्टी-थर्टीची घरी भरलेली काडतुसं लिव्हर अडवतात: डाय फिरवण्याआधी हे तपासा

थर्टी-थर्टी हे लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीचं जुनं काडतूस. ही रायफल खालचा दांडा, म्हणजे लिव्हर, ओढून भरते. लक्षण नेहमीचंच आहे. दुकानातून आणलेलं काडतूस बिनबोभाट चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत) जातं. घरी भरलेलं मात्र लिव्हर बंद होत आली की शेवटच्या बोटभर अंतरावर अडतं. जोर लावला तर कधी बसतं, कधी हटून बसतं, आणि जे बसतं ते बाहेर काढताना घाम फोडतं. सगळीच तशी असती तर एक वेळ परवडलं असतं, पण एका डब्यातली चार-पाचच अशी निघतात, आणि ती नेमकी कुठली ते नुसतं बघून कळत नाही.

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल सीझन उघडतो. या राज्यात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे मार्लिन ३३६ आणि विंचेस्टर ९४ या लिव्हर रायफली अजून घरोघरी आहेत, आणि पानगळ सुरू झाली की हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. उत्तरही ठरलेलं मिळतं: साइझिंग डाय (वापरलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, दाबून परत मापात आणणारा साचा) अजून पाव फेरा खाली घे. माझ्या मते हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्याने मूळ दुखणं जागच्या जागी राहतं, वर पुंगळ्यांचं आयुष्य घटतं.

पुढे जाण्याआधी कायद्याचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेपुरतं. अमेरिकेतही एच-वन किंवा तसल्याच नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली आणि काडतुसं कपाटात राहिली, तर तुम्ही अडचणीत. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. शंका असेल तर मित्राला विचारू नका, वकिलाला विचारा.

पावडर कुठली आणि किती, हे इथे मुद्दाम लिहीत नाही. ते चालू आवृत्तीच्या मॅन्युअलमधून आणि खालच्या आकड्यापासूनच घ्यायचं. इथे प्रश्न फक्त काडतुसाच्या आकाराचा आहे.

आधी लिव्हर कुठे अडते ते बघा

'अडकतं' या एका शब्दाखाली दोन वेगळी दुखणी येतात. लिव्हर पूर्ण खाली गेल्यावर किंवा वर येताना मधेच अडत असेल, तर काडतूस अजून चेंबरपर्यंत पोचलेलंच नाही. तो मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या, नळीतून कॅरियरवर (काडतूस चेंबरसमोर उचलणाऱ्या पट्टीवर) येण्याचा घोटाळा आहे, आणि तिथे काडतुसाची एकूण लांबी बघायची. थर्टी-थर्टीला ती जास्तीत जास्त २.५५० इंच. त्याहून लांब काडतूस कॅरियरवर पुरतं येत नाही, त्याचं टोक नळीतच राहतं. फार आखूड असेल तर मागच्या काडतुसाची कड पुढे सरकून तीही गोंधळ घालते. मार्लिनमध्ये आणखी एक जुनं दुखणं आहे: वर्षानुवर्षं वापरून लिव्हरचं टोक कॅरियरच्या खालच्या बाजूला खाच पाडतं आणि कॅरियर वेळेवर उचलला जात नाही. पण मग दुकानातली काडतुसंही अडतील. तसं होत असेल तर रीलोडिंगचं बाकडं सोडा आणि रायफल गनस्मिथकडे न्या.

लिव्हर शेवटच्या टप्प्यात अडत असेल, तर दुखणं चेंबरमधलं. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच, म्हणून आता फक्त त्याबद्दल.

बोल्ट-अ‍ॅक्शनवाल्यांना हा त्रास इतका जाणवत नाही. बोल्टचा दांडा खाली वळवताना तिरप्या खाचांमुळे काडतूस बराच जोर लावून आत दाबलं जातं. दोन-तीन थाऊचा फुगवटा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पिंपरी-चिंचवडच्या शॉपमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको) तिथे हाताला थोडा घट्ट लागतो, एवढंच. लिव्हरला असा दाब देता येत नाही आणि खेचून बाहेर काढायचा जोरही कमी. त्यात थर्टी-थर्टीची पुंगळी पातळ पितळेची, खांदा उतरता आणि मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) लांब. हे काडतूस १८९५ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या १८९४ मॉडेलसाठी बाजारात आलं, आणि आजही त्याची दाबाची कमाल मर्यादा ४२,००० पीएसआय एवढीच आहे. म्हणजे दाब बेताचा आहे, पण भरताना पुंगळीला इजा लवकर होते.

तीन पायऱ्यांची चाचणी

सगळी गंमत इथे आहे. पुंगळी तीन वेळा डायमध्ये जाते: साइझिंगला, गोळी बसवताना आणि क्रिम्प करताना (तोंड गोळीवर आवळताना). आकार नेमका कुठल्या पायरीवर बिघडला हे कळल्याशिवाय कुठलीही डाय फिरवायची नाही.

चाचणीला जिवंत काडतूस घ्यायचं नाही. पावडर नाही, प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) नाही, अशा डमीवरच करायचं. घरात जिवंत काडतूस चेंबरमध्ये सारून बघणारे लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या घरी चहाला जात नाही.

अडलेल्या घाण्यातल्याच (एका वेळी भरलेल्या काडतुसांतल्याच) सात-आठ पुंगळ्या घ्या. मार्लिन ३३६ असेल तर काम सोपं: रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, लिव्हरचा एक स्क्रू काढा, लिव्हर बाहेर घ्या, बोल्ट मागे सरकून हातात येतो. इजेक्टर सुटा होतो, तो हरवू नका. आता चेंबर मागून उघडं आहे आणि पुंगळी बोटाने आत सोडता येते. विंचेस्टर ९४ खोलण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. त्याऐवजी काडतुसाचं गेज (आत सोडून माप तपासायचा पोकळ साचा) विकत घ्या. फार महाग नसतं आणि जन्मभर पुरतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की गेज ठरलेल्या मापाचं असतं आणि तुमचं चेंबर तुमच्या मापाचं, त्यामुळे शेवटचा शब्द चेंबरचा.

पहिली पायरी: साइझ केलेली रिकामी पुंगळी आत सोडा. आपल्या वजनाने गेली आणि नळी वर करताच बाहेर आली, तर साइझिंग डाय निर्दोष. तिला पुन्हा हात लावू नका. दुसरी पायरी: त्याच पुंगळीत गोळी बसवा, पण क्रिम्प बिलकुल नको. पुन्हा सोडून बघा. तिसरी: आता क्रिम्प करा आणि पुन्हा सोडा.

मी आजवर ज्यांना ही चाचणी करायला लावली त्यांच्यातले बहुतेक तिसऱ्या पायरीवर अडले. परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी डमी आणून दिला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. खांद्याभोवती काळ्या मार्करने रंगवून तो चेंबरमध्ये दाबला आणि काढला. मानेवरचा रंग शाबूत, अंगावरचा शाबूत, आणि खांदा जिथे अंगाला मिळतो नेमक्या त्या वळणावर एक चमकता पितळी कडा, अगदी चहूबाजूंनी. कॅलिपर लावला तर त्याच जागी क्रिम्पआधीच्या मापापेक्षा चार थाऊ जास्त. ते तोवर साइझिंग डाय फिरवून फिरवून थकले होते.

क्रिम्पने खांदा का फुगतो

गोळी बसवायची साधी डाय दोन कामं करते. वरचा दांडा गोळी खाली दाबतो आणि डायच्या आतली पायरी पुंगळीचं तोंड आत वळवते. दोन्ही कामं एकाच फटक्यात करायची, तर तोंड गोळीवरच्या खाचेत नेमकं त्याच क्षणी वळलं पाहिजे, जेव्हा गोळी आपल्या जागी पोचते. पुंगळी थोडी लांब असेल तर तोंड आधीच वळतं, खाचेऐवजी गोळीच्या अंगात रुततं, आणि गोळी अजून खालीच चाललेली असते. आता ती पुंगळीला आपल्याबरोबर खाली ओढते. हा सगळा जोर पातळ खांद्यावर येतो आणि खांदा बाहेर फुगतो.

म्हणून चार-पाचच अडतात. डब्यातल्या ज्या पुंगळ्या जास्त लांब आहेत, तेवढ्याच फुगतात. थर्टी-थर्टीची कमाल लांबी २.०३९ इंच आणि कापून ठेवायची लांबी साधारण २.०२९. तीन-चारदा भरलेल्या आणि कधीच न कापलेल्या पुंगळ्या मोजून बघा, एकाच डब्यात दहा-बारा थाऊंचा फरक सापडतो. मोजायचं ते साइझिंगनंतर, कारण पुंगळी साइझिंगमध्येच लांबते. बार झालेली पुंगळी मोजून 'ठीक आहे' म्हणणं हा सर्रास दिसणारा प्रकार आहे आणि त्याचा उपयोग शून्य.

उपाय सरळ आहे, फक्त कंटाळवाणा. सगळ्या पुंगळ्या एका मापाला कापा. २.०२९ की २.०२७ याला फार महत्त्व नाही, सगळ्या सारख्या हव्यात. कापल्यावर तोंडाची आतली-बाहेरची धार काढा. मग गोळी बसवणं आणि क्रिम्प ही दोन कामं वेगळी करा. बसवताना डाय इतकी वर घ्या की आतली पायरी तोंडाला लागणारच नाही: कापलेली पुंगळी प्रेसच्या रॅमवर, म्हणजे वर-खाली होणाऱ्या दांड्यावर, ठेवून रॅम पूर्ण वर करा, डाय हाताने खाली फिरवत तोंडाला टेकल्याचं जाणवलं की एक पूर्ण फेरा परत वर घेऊन लॉक करा. तोंड खाचेच्या मध्यावर येईल इतक्या खोलीवर सगळ्या गोळ्या बसवून घ्या. नंतर बसवणारा दांडा पार वर काढा आणि आता डाय अगदी थोडी थोडी खाली घेत क्रिम्प लावा.

वेगळी क्रिम्प डाय घ्यायची असेल तर लीची फॅक्टरी क्रिम्प डाय थर्टी-थर्टीसाठी चांगली आहे. ती वरून न दाबता चहूबाजूंनी चिमटीत धरते, म्हणून लांबीतला थोडाफार फरक पोटात घालते. पण ती घेतली म्हणून कापणं सोडायचं नाही. कमाल मापाहून लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या टोकाला भिडतं आणि गोळीला धरून ठेवतं. त्याने दाब वाढतो, आणि हा दोष लिव्हर अडण्यापेक्षा कितीतरी वाईट.

गोळी बदलली की खाचेची जागा बदलते, हेही विसरू नका. १५० ग्रेनवरून १७० वर गेलात, किंवा वजन तेच ठेवून कंपनी बदलली, तरी डाय नव्याने लावावी लागते. जुन्या खुणेवर भरोसा ठेवला की क्रिम्प खाचेच्या वर-खाली पडतो.

मुळात एवढा कडक क्रिम्प का लावतात

भीतीपोटी. आणि ती भीती अगदीच खोटी नाही. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात. स्प्रिंग सतत दाबते आणि प्रत्येक बाराचा धक्का पुढच्या काडतुसाच्या गोळीवर बसतो. गोळी आत सरकली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून लोक क्रिम्प आवळतात, खांदा फुगतो, लिव्हर अडते, मग साइझिंग डाय खाली घेतात. एका दुखण्यावरच्या औषधाने दुसरं लागतं.

गोळी धरून ठेवायचं काम मुख्यतः मानेचं आहे, क्रिम्पचं नाही. साइझ केलेल्या मानेचं आतलं माप गोळीपेक्षा, म्हणजे ०.३०८ इंचापेक्षा, दोन-तीन थाऊ कमी हवं. तेवढं नसेल तर साइझिंग डायमधला एक्स्पांडर (मान आतून उघडणारा गोळा) जाड असेल, किंवा पितळ कडक होऊन परत उघडत असेल. क्रिम्प न लावलेल्या डमीची गोळी बाकड्याच्या लाकडी कडेवर अंगठ्याचा जोर लावून दाबून बघा. ती सरकत असेल तर क्रिम्पने हे दुखणं झाकू नका, मानेचं माप दुरुस्त करा.

पक्की खात्री रेंजवर होते. एका काडतुसाची लांबी मोजून ते मॅगझिनमध्ये सर्वांत आधी घाला, म्हणजे ते शेवटी बाहेर येईल. बाकीचे बार काढा आणि त्याला पुन्हा मोजा. एक-दोन थाऊ फरक असेल तर शांत झोपा. दहा थाऊ असेल तर तो घाणा वापरायचा नाही.

इथे शिकारीतली एक बारीक गोष्ट आहे, जी रेंजवाल्यांच्या लक्षात येत नाही. पेनसिल्व्हेनियात भरलेली रायफल गाडीत ठेवता येत नाही. म्हणजे सकाळी भरायची, संध्याकाळी रिकामी करायची, आणि लिव्हर-अ‍ॅक्शन रिकामी होते ती लिव्हर ओढूनच. तीच पाच-सहा काडतुसं सीझनभर रोज आत-बाहेर करतात. त्यांच्या कडांवर एक्स्ट्रॅक्टरचे ओरखडे पडतात, गोळ्या थोड्या थोड्या सरकतात. मी अशा काडतुसांच्या बुडावर मार्करने ठिपका करतो आणि दोन-तीन दिवसांनी ती रेंजच्या डब्यात टाकतो.

दुसऱ्या पायरीवर अडलं तर

क्रिम्प नसतानाच अडत असेल, तर बहुतेक गोळी शिशाची ओतीव असते. ती साधारण ०.३०९ ते ०.३१० इंचाची, आणि मान जाड पितळेची असेल तर भरलेली मान चेंबरच्या मानेत मावत नाही. किंवा शिसं सोलू नये म्हणून तोंड जे पसरवलं होतं, ते परत सरळ केलेलं नसतं. रुंद नाकाची गोळी कधी कधी नळीच्या आट्यांना टेकते. मार्कर लावला की तिन्हींपैकी कुठलं ते लगेच दिसतं: मानेवर, तोंडाच्या कडेला, की गोळीच्या नाकावर.

नाकाचा विषय निघालाच आहे तर, नळीच्या मॅगझिनमध्ये टणक टोकदार गोळी कधीच नाही. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकलेलं असतं. चपट्या नाकाच्या, किंवा हॉर्नेडीच्या एफटीएक्ससारख्या मऊ रबरी टोकाच्या गोळ्याच घ्यायच्या. तसाच वर राहिलेला प्राइमर: बोटाने चाचपून तो बुडाच्या किंचित खाली लागला पाहिजे. वर असेल तर बोल्ट बंद होताना अडेल, आणि लिव्हर अडणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ अडचण.

पहिल्याच पायरीवर अडलं तर

मग डाय बघायची, पण तिथेही आधी फिरवायची नाही. पुंगळी आत असताना रॅम पूर्ण वर करा आणि डाय व शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारी चकती) यांच्यामधून उजेड दिसतो का ते बघा. रिकामा रॅम टेकतो, पण पुंगळी आत असली की प्रेस ताणला जाऊन फट पडते. ल्युब कमी असेल तर जास्तच. तेवढी फट बुजेल इतकीच डाय खाली घ्या.

उजेड दिसत नाही आणि तरी अडते, तर एक्स्पांडरकडे बघा. तो मानेतून कुरकुरत बाहेर येत असेल तर येताना खांदाही वर ओढतो. मानेच्या आत थोडा कोरडा ग्राफाइट लावला की कुरकुर थांबते. रेंजवर उचललेल्या पुंगळ्या असतील तर त्या कुणाच्या ढिल्या चेंबरमध्ये फुगलेल्या असतात देव जाणे. माझ्या मते शिकारीसाठी त्या वापरूच नयेत.

आणि डाय वाट्टेल तितकी खाली घेत गेलात तर काय होतं? थर्टी-थर्टी कडेवर टेकते, खांद्यावर नाही. त्यामुळे खांदा कितीही मागे ढकलला तरी काडतूस बसतं, बार होतो, आणि काही बिघडलंय असं वाटतच नाही. पण दर बाराला पुंगळी तेवढी ताणली जाते, आणि ताण पडतो तो बुडाच्या थोडं वर. तिथे बाहेरून चकाकती रेघ दिसली, किंवा वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवताना खळग्यात अडकलं, तर ती पुंगळी भंगारात. पुढच्या बाराला तिचे दोन तुकडे होऊन पुढचा अर्धा चेंबरमध्ये राहू शकतो.

भरून ठेवलेल्या फुगीर काडतुसांचं

लिव्हरवर जोर देऊन ती बसवू नका. जिवंत काडतूस साइझिंग डायमध्ये घालायचा विचारही मनात आणू नका. हातोडीसारख्या पुलरमध्ये घाला, डोळ्यांवर चष्मा लावा आणि गोळी काढा. क्रिम्प कडक असेल तर बरेच फटके लागतात. पावडर कुठली ते डब्यावर लिहिलेलं नसेल तर ती परत वापरायची नाही. एखादं चेंबरमध्ये अर्धवट अडकून बसलं असेल तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून तशीच रायफल गनस्मिथकडे न्या. पुढून गज घालून ठोकायचं नाही.

घरात दोन थर्टी-थर्टी असतील, एक मार्लिन आणि एक आजोबांच्या वयाची विंचेस्टर, तर दोघींच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवा. ते जमत नसेल तर ज्या रायफलचं चेंबर आवळ आहे तिच्यावर डाय लावा, आणि दुसरीत पितळ थोडं लवकर खपेल हे धरून चाला.